क्रीडांगण सर्वांचे : दिव्यांग बालकांसाठी सुगम उद्याने

आपल्याकडील मैदानी खेळांत 'लिंबूटिंबू' नावाचा एक गडी असतो. वयाने लहान किंवा खेळात नवख्या असलेल्या मुलाला मोठी मुले डावात घेतात; परंतु तो बाद झाला तरी बाद धरला जात नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. धाकट्या भावंडांच्या बाबतीत ही सवलत मायेची असते आणि वर्षा-दोन वर्षांत ती आपोआप संपते. दिव्यांग मुलाच्या बाबतीत मात्र ती सहसा संपत नाही. पायात कॅलिपर असलेल्या मुलाला पंच म्हणून बसविले जाते, अंध मुलीच्या वाट्याला टाळ्या वाजविण्याचे काम येते आणि चाकांच्या खुर्चीतील मूल बहुधा कुंपणाजवळच राहते. मुलांच्या मनात दुजाभाव असतो म्हणून हे घडते असे नाही. ज्या जागेत खेळावयाचे, ती जागाच त्यांना एकत्र खेळू देत नाही, हे त्याचे खरे कारण होय.

अशा जागा बदलता येतात, हे देशात आणि परदेशांतही दिसून आले आहे. त्यासाठी काय करावे लागते, कायदा काय सांगतो आणि नगरपालिका व ग्रामपंचायती यांना आपल्या आवाक्यात काय करता येण्याजोगे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळ ही चैन नव्हे

खेळ म्हणजे अभ्यास आटोपल्यावर उरलेला वेळ घालविण्याचे साधन, हा समज आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्याने या समजाला धक्का दिला. शंख-शिंपले, बिया, दगडगोटे अशा परिसरातील साध्या वस्तू हाताळताना मूल मोजावयास, बोलावयास आणि दुसऱ्याबरोबर वागावयास शिकते, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखवून दिले. झोका घेताना शरीराचा तोल साधतो, घसरगुंडीच्या रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची सवय लागते, भांडण झाले की ते मिटविण्याची कलाही तेथेच अवगत होते.

दिव्यांग बालकाच्या बाबतीत या गोष्टींचे मोल अधिकच आहे. त्याचा दिवस औषधोपचार, व्यायाम आणि शाळा यांत विभागलेला असतो आणि यांतील प्रत्येक गोष्ट मोठी माणसे ठरवितात. काय करावयाचे आणि किती वेळ करावयाचे हे ज्यात मूल स्वतः ठरविते, अशी एकच गोष्ट उरते. ती म्हणजे खेळ. ज्या मुलाला हालचालीची आणि सवंगड्यांची सर्वांत अधिक गरज, त्यालाच मैदान बंद असावे, ही स्थिती निश्चितच विचार करावयास लावणारी आहे. तिचा परिणाम त्या एका मुलापुरता मर्यादित राहत नाही. एक मूल उद्यानात जाऊ शकत नसेल, तर बहुधा त्याची आईही जात नाही आणि धाकट्या भावंडाची संध्याकाळही घरातच जाते.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालकवर्ष आणि १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. पुढे १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ ने खेळ आणि विश्रांती हा प्रत्येक बालकाचा हक्क मानला. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संहितेतील कलम ३० याहून स्पष्ट आहे. दिव्यांग बालकांना अन्य बालकांच्या बरोबरीने खेळात, करमणुकीत आणि क्रीडेत भाग घेता यावा, असे ते म्हणते. 'बरोबरीने' हा त्यातील कळीचा शब्द होय. या संहितेस भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली.

संख्या आणि कायदा

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील दिव्यांग व्यक्तींची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख होती. महाराष्ट्रात ती २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. देशातील एकोणीस वर्षांपर्यंतच्या दिव्यांग मुलामुलींची संख्या ७८ लाखांहून अधिक भरली. ही गणना आठ प्रकारांच्या आधारे झाली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हे प्रकार २१ करण्यात आले असून त्यांत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता, सिकलसेल, थॅलॅसेमिया, हिमोफिलिया इत्यादींचा समावेश आहे. साहजिकच, या प्रश्नाची व्याप्ती जुन्या आकड्यांहून मोठी आहे.

हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सार्वजनिक इमारती आणि सार्वजनिक सुविधा यांच्या त्यातील व्याख्येत विरंगुळा आणि करमणूक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांग व्यक्तींना मैदानी शिबिरे आणि साहसी उपक्रम यांत भाग घेता यावा, यासाठी शासनाने उपाय योजावेत, असे कलम २९ सांगते. सुगमतेचे निकष पाळले नसतील तर इमारतीच्या आराखड्यास परवानगी अथवा काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये, अशी तरतूद कलम ४४ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणी दिलेल्या निकालात याबाबत महत्त्वाचे मत नोंदविले. सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे अधिनियमाशी विसंगत असून किमान निकष बंधनकारक स्वरूपात वेगळे काढून विहित करावेत, असा आदेश न्यायालयाने केंद्र शासनाला दिला.

राज्यघटनेतील बाराव्या अनुसूचीकडेही येथे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांच्या या यादीत उद्याने आणि क्रीडांगणे हा एक विषय आहे आणि अपंगांसह दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हा दुसरा. दोन्ही जबाबदाऱ्या एकाच संस्थेच्या आहेत. व्यवहारात मात्र त्यांची कामे वेगवेगळ्या विभागांत चालतात आणि बाग आखणाऱ्याची गाठ दिव्यांग कल्याण पाहणाऱ्याशी क्वचितच पडते.

पहिली कडी : वाट

सुगम उद्यान म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर फाटकाजवळचा सिमेंटचा उतार येतो. तो आवश्यक आहेच; परंतु सुगमता ही एक साखळी आहे आणि तिची एक कडी तुटली की बाकीच्या कड्यांचा उपयोग राहत नाही. रस्त्यावरून फाटक, फाटकातून पायवाट, पायवाटेवरून खेळाची जागा, तेथून पाणी पिण्याची जागा आणि स्वच्छतागृह असा मुलाचा संपूर्ण प्रवास डोळ्यांसमोर ठेवूनच आखणी करावी लागते.

प्रथम फाटकाचा विचार करू. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून अनेक बागांना फिरते फाटक किंवा लोखंडी खांबांची नागमोडी वाट केलेली असते. त्यातून मोटारसायकल जात नाही आणि चाकांची खुर्चीही जात नाही. खुर्चीसाठी किमान ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी लागते. उताराचे गणितही सोपे आहे. १ सेंटिमीटर उंची चढावयाची असेल तर उताराची लांबी किमान १२ सेंटिमीटर हवी. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १ मीटर ८० सेंटिमीटर आणि ४५ सेंटिमीटर उंचीच्या जोत्यासाठी ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतार करावा लागतो. जागा वाचविण्यासाठी याच्या निम्म्या लांबीत बसविलेला उतार कागदोपत्री सोय ठरतो. प्रत्यक्षात त्यावरून खुर्ची चढविणे मुलाला अशक्य असते आणि उतरताना ती घसरण्याचा धोका असतो.

आत गेल्यावर प्रश्न येतो जमिनीचा. मुरूम, खडी आणि सैल वाळू यांत खुर्चीची पुढची लहान चाके रुततात, कुबडीचे टोकही रुतते. म्हणून मुख्य पायवाटा आणि खेळसाहित्यापर्यंतच्या वाटा घट्ट, सपाट आणि पावसात निसरड्या न होणाऱ्या असाव्यात. खुर्ची वळविण्यासाठी जागोजागी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. पडण्याचा संभव असलेल्या साहित्याखाली मऊ पण चाके न रुतणारा पृष्ठभाग हवा. हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या दृष्टीने तर या मऊपणाचे महत्त्व सांगावयास नको.

स्वच्छतागृह ही साखळीतील सर्वांत दुर्लक्षित कडी होय. ते नसेल, अरुंद असेल किंवा कुलूपबंद असेल, तर कुटुंब अर्ध्या तासात घरी परतते. मोठ्या वयाच्या मुलाचे कपडे बदलावे लागत असतील, तर त्याला आडवे करता येईल असा बाकही तेथे हवा. तो नसल्यास पालकांपुढे ओल्या फरशीवाचून दुसरा पर्याय उरत नाही.

खेळसाहित्य : वेगळे नव्हे, शेजारी

वाट झाली की खेळाचा विचार येतो. येथे एक मोह टाळावा लागतो. तो म्हणजे बागेच्या एका कोपऱ्यात 'दिव्यांगांसाठी' अशी पाटी लावून दोन-चार साधने बसविण्याचा. अख्खी चाकांची खुर्ची चढविता येईल असा लोखंडी झोपाळा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. हा झोपाळा जड असतो, सुरक्षिततेसाठी त्याला स्वतंत्र कुंपण आणि देखरेख करणारा माणूस लागतो. माणूस नसला की कुंपणाला कुलूप लागते. शिवाय झोका मिळाला तरी शेजारी कोणी नसते.

याउलट, जाळीचा मोठा टोपलीसारखा झोपाळा घ्यावा. त्यात स्वतःचा तोल सांभाळता न येणारे मूल आडवे होऊ शकते आणि त्याच्याबरोबर आणखी दोघे-तिघे बसू शकतात. नेहमीच्या झोपाळ्यांच्या रांगेत एक बैठक पाठीला आधार देणारी आणि पट्टे असलेली ठेवली तर तेवढ्याने बरेच साधते. फिरते चक्र जमिनीच्या पातळीत बसविले तर खुर्चीसकट मूल त्यावर जाते आणि धावत येऊन उडी मारणारी मुलेही तेच चक्र वापरतात. वाळूच्या हौदाशेजारी त्याच वाळूचा एक उंच ओटा करावा आणि त्याखाली गुडघे जाण्यासाठी सुमारे ६० सेंटिमीटर मोकळी उंची ठेवावी. याच ओट्यावर सागरगोटे खेळता येतात, किल्लाही करता येतो. ही साधने विशेष मुलांची म्हणून ओळखली जात नाहीत, हाच त्यांचा विशेष आहे.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याची घसरगुंडी तापते आणि रबरी फरशीही तापते. मेरुदंडाच्या विकारामुळे पायांची संवेदना गेलेल्या मुलाला चटका बसलेला कळतही नाही. सिकलसेलचे रुग्ण असलेल्या विदर्भातील आणि आदिवासी भागांतील बालकांना ऊन आणि शरीरातील पाणी कमी होणे या दोन्ही गोष्टी अपायकारक ठरतात. तेव्हा कडुनिंब, करंज यांसारख्या वृक्षांची सावली, पिण्याचे पाणी आणि विसाव्याचे बाक या गोष्टी बागेची शोभा म्हणून नव्हे, तर सुगमतेचा भाग म्हणून मोजल्या पाहिजेत.

न दिसणारे अडथळे

अंध मुलाला वाट कळावी म्हणून पायवाटेवर उंचवट्यांच्या फरशांची पट्टी, प्रवेशाजवळ हाताने वाचता येईल असा उठावाचा नकाशा आणि ब्रेल पाट्या असाव्यात. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी पायऱ्यांच्या कडांना ठळक पिवळा पट्टा पुरतो. झोपाळ्याच्या कक्षेबाहेर फरशीचा पोत बदलला, तर धोका जवळ आल्याचे पायांना समजते. मोगरा, तुळस, गवती चहा, पुदिना, पानओवा अशा झाडांची हाताशी येईल अशा उंचीवर केलेली लागवड वासाच्या खुणांनी बाग ओळखण्यास मदत करते. मात्र कण्हेरीसारखी विषारी झाडे आपल्या बागांत सर्रास आढळतात. मुलांनी पाने चुरडून वास घ्यावा अशी जेथे अपेक्षा आहे, तेथे ती लावू नयेत.

कर्णबधिर मुलाला हाक ऐकू येत नाही. म्हणून पालक आणि मूल यांना परस्परांना पाहता येईल, अशी मोकळी मांडणी त्याला उपकारक ठरते. कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवरून घसरताना निर्माण होणारी स्थितिक वीज त्या यंत्रणेत बिघाड करण्याचा संभव असतो. तेव्हा कानामागचा बाहेरील भाग आधी काढून ठेवावा, अशी सूचना तेथे लावणे उचित होय.

स्वमग्न मुलाला गोंगाट आणि गर्दी कधी कधी असह्य होते. अशा वेळी बागेतच जवळपास एखादा शांत, अर्धवट झाकलेला कोपरा असेल, तर ते मूल थोड्या वेळाने पुन्हा खेळावयास येते. असा कोपरा नसेल तर कुटुंबाला घर गाठावे लागते. काही मुले एकाएकी पळत सुटतात, म्हणून कुंपण अखंड आणि बाहेर पडण्याचे मार्ग मोजके असावेत. जी मुले बोलू शकत नाहीत, त्यांच्यासाठी 'झोका', 'पाणी', 'माझी पाळी', 'पुरे' अशा चित्रांचा फलक खांबावर लावता येतो. असा फलक तयार करण्यास फारसा खर्च येत नाही.

किशोरवयीन मुलामुलींचा विसर पडू नये. पंधरा वर्षांच्या मुलाला बाळांच्या झोपाळ्यात बसविणे हा त्याचा अवमान होय. त्याला खाली केलेली बास्केटबॉलची जाळी, कॅरम आणि बुद्धिबळाचे उंच टेबल, हातांच्या व्यायामाची साधने आणि समवयस्कांबरोबर गप्पांना बसता येईल अशी, बाकाशेजारी खुर्चीची मोकळी जागा हवी असते.

काही उदाहरणे

या विचाराला अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. उद्यानरचनाकार लेडी अ‍ॅलन ऑफ हर्टवुड यांच्या प्रयत्नांतून १९७० मध्ये लंडनच्या चेल्सी भागात अपंग बालकांसाठी साहसी क्रीडांगण सुरू झाले. अपंग मुलालाही चढण्याचा, चिखलात खेळण्याचा आणि झेपेल इतका धोका पत्करण्याचा अधिकार आहे, हा त्यामागील विचार होता. अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथे एका बंद पडलेल्या खाणीच्या जागेवर २०१० मध्ये 'मॉर्गन्स वंडरलँड' हे २५ एकरांचे उद्यान उघडण्यात आले. दिव्यांगांना तेथे प्रवेश विनामूल्य आहे. त्याच्या शेजारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या जलक्रीडा विभागात दाबाखालील हवेवर चालणाऱ्या, पाण्यात नेता येणाऱ्या खुर्च्या उपलब्ध आहेत.

आपल्या देशात बंगळूर येथे दिव्यांग मुलांच्या पालकांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'किलिकिली' या संस्थेने महापालिकेच्या सहकार्याने २००६ मध्ये कोल्स पार्क या जुन्या सार्वजनिक उद्यानात सर्वांनी एकत्र खेळावयाची जागा तयार केली. पुढे शहरातील अन्य उद्यानांतही हा प्रयोग झाला. नवी जमीन न घेता, नेहमीच्या बागेतच बदल करणे हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. महाराष्ट्रात नागपूरच्या पारडी परिसरात सुमारे ९० हजार चौरस फूट जागेवर, अंदाजे १२ कोटी रुपये खर्चाचे 'अनुभूती' समावेशक उद्यान उभारले जात असल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर करण्यात आले. कायद्यातील सर्व २१ प्रकारांचा विचार, स्पर्श-गंध उद्यान आणि जलोपचार यांचा त्याच्या योजनेत अंतर्भाव आहे.

अशी मोठी उद्याने आदर्श म्हणून उपयुक्त आहेत. तथापि, मुलाला खेळ रोज लागतो. गडचिरोलीच्या किंवा चंदगडच्या मुलाला वर्षातून एकदा नागपूर-मुंबईची सहल घडविल्याने त्याच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट संध्याकाळींचा प्रश्न सुटत नाही. त्याच्या गल्लीच्या टोकाला असलेली लहानशी बाग हीच त्याची खरी बाग होय.

स्थानिक संस्थांनी काय करावे

नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी तीन गोष्टी प्रथम कराव्यात. पहिली म्हणजे नव्या बागेच्या मूळ अंदाजपत्रकातच सुगमतेचा खर्च धरावा. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावा, असे राज्य शासनाचे आदेश आहेत. त्या निधीचे अन्य उपयोग अनेक आहेत. बागेची वाट सपाट करणे हे बागेचेच काम असून त्याचा भार बागेच्या निधीवर असावा. आखणीच्या वेळी फाटक रुंद ठेवण्यास वेगळा खर्च जवळजवळ येत नाही. बांधून झालेले फाटक तोडण्यास मात्र तो येतो.

दुसरी गोष्ट अशी की, जुन्या बागांची पाहणी कुटुंबांना बरोबर घेऊन करावी. परिसरातील विशेष शाळांचे शिक्षक, पालक आणि स्वतः मुले यांना एका संध्याकाळी बागेत बोलावावे आणि ती जेथे अडतील ती ठिकाणे लिहून घ्यावीत. या यादीतील अनेक बाबी दुरुस्तीच्या नेहमीच्या खर्चातही भागू शकतात. एक उंबरठा काढणे, एक खांब हलविणे, कुलपाची किल्ली पहारेकऱ्याकडे ठेवणे, अशी ती कामे असतात.

तिसरी बाब देखभालीची होय. झोपाळ्याचा तुटलेला पट्टा किंवा उतारावर रचलेला पालापाचोळा नव्या बागेलाही काही दिवसांत दुर्गम करतो. माळी आणि पहारेकरी यांना याबाबत समजावून सांगितले, तर ते या व्यवस्थेचे सर्वांत जागरूक रक्षक होऊ शकतात. बागेत आलेल्या मुलाकडे रोखून न पाहता त्याला त्याच्या नावाने हाक मारणारा पहारेकरी हीदेखील एक सुविधाच असते.

पालकांनीही आपल्या मुलाला घेऊन बागेत जावे आणि जेथे अडचण येते तेथे लेखी अर्ज द्यावा. हा अर्ज उपकाराची मागणी नसून कायद्याने दिलेल्या हक्काचा वापर आहे. बागेचे काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्यापूर्वी अभियंत्यांनी मोजपट्टीबरोबरच आणखी एक कसोटी लावावी. परिसरातील दिव्यांग मुलांना त्यांच्या मित्रांसह तेथे खेळू द्यावे आणि थोडा वेळ दुरून पाहावे. फाटकापासून झोपाळ्यापर्यंत सगळी मुले एकत्र गेली आणि दिव्यांग मुलावरही इतरांप्रमाणे राज्य आले, तर त्या दाखल्यावर निःशंकपणे सही करावी.